पाठीवरचे वजन आणि बुंध्यावरचे कष्ट

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणारे बरेच जण जमिनीपासून १५ ते २५ फूट उंचीवर झाडाला धरून बसतात. बाण सोडायचा तो बहुधा २० ते ३० यार्डांवरून. एवढ्या जवळून माणसाने धनुष्य नुसते ताणले तरी हरणाच्या ते ध्यानात येते, आणि अंगाचा वास त्याही आधी पोहोचतो. उंचावरचा माणूस त्याच्या नेहमीच्या नजरेच्या टप्प्यातून सुटतो. वाऱ्याची साथ असेल तर वासही डोक्यावरून निघून जातो. मात्र फार उंच जाण्यात शहाणपण नाही. कोन जितका उभा, तितकी बाण दोन्ही फुप्फुसांतून पार होण्याची शक्यता कमी. आणि जखमी जनावर रानात निसटणे ही या शिकारीतली सर्वांत वाईट गोष्ट.

खासगी जमिनीवर हंगामभर मचाण बांधून ठेवता येते. सार्वजनिक जंगलांत अनेक ठिकाणी ते नियमात बसत नाही. शिवाय हरणाची वाटही एक राहत नाही. मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. तेव्हा हरणे ओकची फळे शोधत असतात, तर नोव्हेंबरच्या माजात नर माद्यांच्या मागे भटकतात. त्यामुळे फिरता शिकारी सगळे सामान पाठीवर घेऊन निघतो, त्या दिवशीचा वारा पाहून झाड ठरवतो आणि अंधार पडल्यावर सगळे उतरवून परत नेतो. चढण्याचे साधन हलके हवे ते यासाठी. घामेजून झाडाशी पोहोचलेला माणूस तासाभरात थंडीने कुडकुडतो, आणि कुडकुडणाऱ्याला स्थिर बसता येत नाही.

सर्वांत जुन्या फिरत्या साधनांपैकी एक म्हणजे चढते मचाण. बैठक आणि पावठाण असे त्याचे दोन भाग बुंध्याला विळखा घालतात. आधी वरचा भाग सरकवायचा, मग पायांनी खालचा ओढून घ्यायचा. बसायला सुखाचे, पण वजन ८ ते १० किलो, आणि झाड सरळसोट, फांद्या नसलेले हवे. दक्षिणेकडच्या पाइनच्या रानात ते उत्तम चालते; फांद्यांनी भरलेल्या ओकवर त्याचा उपयोग नाही.

त्याची जागा आता बरीचशी सॅडलने घेतली आहे. कमरेखाली घालायची ही पट्ट्यांची झोळी वरच्या दोराला अडकवून शिकारी झाडाकडे तोंड करून टेकतो. मिशिगनचे जॉन एबरहार्ट १९८० च्या दशकापासून अशीच शिकार करत आले. सॅडल सर्रास दिसू लागले ते गेल्या काही वर्षांत. झोळी, दोर आणि पायाखालची छोटी फळी मिळून वजन तीन किलोंच्या आसपास राहते. पण सॅडल म्हणजे बसण्याची सोय. वर जायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे रुळलेले उत्तर म्हणजे क्लाइंबिंग स्टिक. दीड-दोन फुटांची, पायऱ्या असलेली दांडी पट्ट्याने बुंध्याला आवळतात. तीन-चार दांड्या एकावर एक बांधल्या की शिडी तयार. ॲल्युमिनियमची दांडी साधारण किलोभराची, कार्बन फायबरची त्याहून हलकी. खाली रिकिबीसारखी कापडी पायरी जोडली की एखादी दांडी घरी ठेवता येते; पण ती पायाखाली डुलते, आणि अंधारात, जाड बुटांनी ती चाचपडत शोधावी लागते. नवख्याने वजन वाचवायची सुरुवात इथून करू नये.

त्यापुढची पायरी एकाच दांडीची. शिकारी दांडी कमरेच्या उंचीवर बांधतो, तिच्या माथ्यावर उभा राहतो, मुख्य दोर हात पोहोचेल तितका वर सरकवतो आणि सॅडलमध्ये लटकतो. मग वाकून खालची दांडी सोडवतो, वर घेतो, पुन्हा बांधतो. एका फेरीत चार-पाच फूट उंची मिळते. दोर सरकवताना बुंध्याभोवतीचा कमरेचा पट्टा सुटता कामा नये. उतरताना अर्थातच रॅपलिंग. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर जाणाऱ्यांच्या ओळखीची प्रुसिक गाठ इथे डिसेंडरखाली राखण म्हणून असते. दांडीही नको असेल तर पायाचे फास असलेले दोन दोर आलटून पालटून वर सरकवत जाता येते. सामान आणखी घटते, पण दर फुटाला हालचाल वाढते.

खरा हिशेब इथेच आहे. पाठीवरून कमी केलेला प्रत्येक किलो बुंध्यावर जादा फेऱ्यांनी, जादा खडखडाटाने आणि जादा घामाने फेडावा लागतो. चालणे दोन-तीन मैलांचे असेल तर हा सौदा परवडतो. गाडीपासून अर्ध्या मैलावर बसायचे असेल तर तीन दांड्याच बऱ्या.

झाडाचाही यात मोठा वाटा असतो. शॅगबार्क हिकोरीची साल सुट्या पापुद्र्यांची. पट्टा आवळताच कुरकुरते. बीचचा बुंधा गुळगुळीत, त्यावर दव किंवा बर्फ असले तर दांडीचे दात घसरतात. ॲश मात्र जिवंत असल्याची खात्री पटल्याशिवाय हात लावायचा नाही. एमराल्ड ॲश बोरर हा कीटक २००२ साली मिशिगनमध्ये आढळला, आणि तेव्हापासून अमेरिकेतली कोट्यवधी ॲश झाडे त्याने मारली. ही वाळलेली झाडे ठिसूळ होतात आणि अचानक मोडतात. खांबावर चढणाऱ्यांचे लोखंडी नखे लावलेले बूट वापरायला सोपे, पण ते जिवंत सालीला भोके पाडतात. म्हणून वृक्षतज्ज्ञ ते फक्त तोडायच्या झाडावर वापरतात. स्क्रूने बसवायच्या पायऱ्यांवरही अनेक सार्वजनिक जंगलांत बंदी आहे.

दोराच्या बाबतीत हलकेपणाला मर्यादा घालावी लागते. डायनीमा वजनाच्या मानाने विलक्षण मजबूत, पण निसरडा, आणि साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळणारा. दांडी बांधायला तो छान. घर्षणावर चालणाऱ्या गाठीला नाही. तिथे उष्णता सोसणारे ॲरामिडचे आवरण असलेली दोरी लागते. मुख्य दोर कमी ताणला जाणारा असल्यामुळे तो नेहमी डोक्याच्या वर आणि तंग ठेवावा. ढिलाईतून दोन फूट पडले तरी शरीराला जबर हिसका बसतो.

धनुष्य अंगावर घेऊन चढायचे नसते. ते खाली, बाणांची पाती झाकलेल्या भात्यासह, ओढदोरीला बांधून ठेवतात आणि बूड स्थिर झाल्यावर वर घेतात. कोणतीही नवी पद्धत आधी अंगणातल्या झाडावर, पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीवर, दिवसा शिकावी. मग तीच थंडीचे हातमोजे घालून अंधारात करून पाहावी, कारण हंगामात उतरणे जवळजवळ नेहमी अंधारातच होते.