वेंगुर्ले-मालवण : मे महिन्यातली पाने

१८ मे, वेंगुर्ले
मांडवी खाडीत कांदळवन सफारी. होडी वल्हवायला दोघी, स्वामिनी बचत गटाच्या. गटाने हे काम २०१७ मध्ये सुरू केलं. मदतीला राज्याचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम होता. तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळं, कांदळाची कमानीसारखी आधारमुळं त्या वल्ह्यानेच दाखवतात. कोळंबीची, खेकड्यांची पिल्लं या मुळांतच वाढतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मासळीवर घर चाललेल्या बायका त्या. मी इंजिनाचं विचारलं.
“मशीन लावली काय पक्षी उडान जातत. मगे तुमका दाखवतलाव काय?”
फेरीची वेळ भरती ठरवते. दहाच्या फेरीचा हट्ट धरून आलेलं पुण्याचं कुटुंब बारापर्यंत धक्क्यावर कुरकुरत बसलं. बसू दे.

२० मे, मालवण
वेंगुर्ल्यात काम गावातल्या बायकांनी सुरू केलं, इथे क्रम उलटा. १९८७ साली कागदावर सागरी अभयारण्य आलं, २९ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांना विचारणं राहून गेलं, विरोध पेटला. आता त्याच पाण्यात स्नॉर्केलिंगच्या होड्या दाटीवाटीने उभ्या. एकाने मासे जमावेत म्हणून पाव टाकला, दुसऱ्याने नांगर थेट प्रवाळाच्या खडकावर सोडला. कायमचे बोये बांधून त्यांनाच होड्या अडकवल्या तर नांगर टाकावाच लागणार नाही. खर्च फार नाही, पण तो कोणी करायचा यावर धक्क्यावर तिघांची तीन मतं.

२१ मे, तारकर्ली
‘मासेमारी सोडा, पर्यटन करा’ हा सल्ला देणाऱ्यांनी कॅलेंडर बघितलेलं नसावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्याच पावसात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, खोल्या रिकाम्या. समुद्र दोन्ही धंदे एकदमच मिटतो. म्हणजे पर्यटन ही जोडकमाई. जाळं विकून त्यावर घर चालणार नाही. शिवाय खोली भाड्याने देतो तो, ज्याच्याकडे जास्तीची खोली आहे. खलाशाचं काय?

मी उतरलोय त्या घरच्या काकू अंगणात आमसुलं वाळवतायत. पावसात काय करता, विचारलं. “भात लावतंव. आणि काय?” मग लगेच, “आगळाच्यो किती बाटल्यो बांधू?”
चार सांगितल्या.