रायपूरचे रविवार

रायपूरची पोस्टिंग आली तेव्हा आईने फोनवर विचारलं, "तिकडं बघण्यासारखं काय आहे रे?" मला सांगता येईना. नागपूर, गोंदिया, डोंगरगड आणि मग रायपूर, एवढंच ठाऊक होतं.

फॅमिली क्वार्टर मिळालं आणि रविवारी फिरणं सुरू झालं. बुढा तालाबाला विवेकानंद सरोवरही म्हणतात. लहानपणी, १८७७ ते १८७९ या काळात, विवेकानंद इथे राहिले होते. माधवराव सप्रे हे मराठी घरातले संपादकही याच शहरात राहिले; दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं. १८७५ साली सुरू झालेलं घासीदास संग्रहालय बघून झालं की आवारातल्या गढ कलेवात फरा आणि चीला खायचा. चीला म्हणजे आपलं तांदळाचं धिरडंच.

पण पाय थबकले ते जयस्तंभ चौकात. सोनाखानचे वीर नारायण सिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी इथे फाशी दिलं, असं मानतात. त्यानंतर सुमारे सव्वा महिन्याने, १८ जानेवारीला, इथल्या तिसऱ्या पलटणीतल्या हनुमान सिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं. तो हाती लागला नाही. त्याचे सतरा साथीदार सापडले. २२ जानेवारीला त्या सतरा जणांना रायपुरातच फाशी झाली. त्यात हवालदार गाजी खान होता, शिवनारायणसारखे गोलंदाज होते. मीही तोपखान्यातला हवालदार.

आठवीतल्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, त्यांनी हुकूम मोडला ना? मग ते हुतात्मे कसे?"

मी जरा वेळ गप्पच राहिलो. वीस वर्षं हुकूम पाळण्यात आणि पोरांना पाळायला शिकवण्यात गेलेली. शेवटी म्हणालो, "हो, मोडला. मी मोडला तर माझं कोर्टमार्शल होईल, आणि व्हायलाच पाहिजे. पण त्यांची शपथ कंपनी सरकारची होती. माझी संविधानाची आहे."

तिला पटलं. मला मात्र अजून वाटतं, त्यांच्या जागी मी असतो तर त्या रात्री कुणाच्या बाजूला उभा राहिलो असतो?

कधी रायपूरला उतरलात तर तळं बघा, चीला खा. आणि जयस्तंभ चौकात दोन मिनिटं थांबा. आपलीच माणसं होती ती.

जय हिंद.