पासंग

बाजारच्या दिवशी आजी वाण्याला आधी रिकामा तराजू उचलायला लावायची. एक पारडं वर राहिलं, तर वाणी त्याच्या दोरीला चिंचोका नाहीतर खडा बांधायचा. तो पासंग. तेवढ्यावर तिचं समाधान नसे. गूळ आणि वजनं पारडी बदलून ती पुन्हा तोलायला लावायची, कारण दांडीचा एक हात लांब, एक आखूड असेल तर पासंग बांधलेल्या रिकाम्या तराजूत ते कळत नाही. पासंगाची चूक पावकिलोला जेवढी, पाच किलोलाही तेवढीच. दांडीची चूक मालाबरोबर वाढत जाते.

आता माझ्या टेबलावर नखाएवढा एडीसी असतो. व्होल्टेज घेतो, आकडा देतो. १२ बिट, म्हणजे ० ते ४०९५, रेफरन्स ४.०९६ व्होल्टचा, म्हणजे एक पायरी नेमकी एका मिलिव्होल्टची. त्याच्या पासंगाला आम्ही ऑफसेट म्हणतो, दांडीला गेन.

पहिल्या बोर्डाच्या वेळी मी इनपुट ग्राउंडला जोडलं, पडद्यावर ० आलं, आणि ऑफसेट शून्य लिहून मोकळा झालो. पुढे आठवडाभर सेन्सरचे अगदी बारीक सिग्नल कुठे जिरतात ते कळेना. शेवटी १०० मिलिव्होल्ट दिले, रीडिंग आलं ९४. ४००० दिले, ३९५५. कागद ओढून वजाबाकी केली: ३९०० चढायला हवे होते, चढले ३८६१. गेन ०.९९. त्या हिशेबाने १०० ला ९९ यायला हवे, आले ९४. म्हणजे ऑफसेट उणे ५. या एडीसीला उणे आकडा दाखवताच येत नाही, म्हणून तो शून्य दाखवत होता. त्या शून्याखाली पाच पायऱ्यांचं तळघर होतं, आणि माझे सिग्नल तिथे उतरून बसले होते.

तेव्हापासून मी शून्यापासून कधी सुरुवात करत नाही. थोडं वर, माहितीचं एक व्होल्टेज. दुसरं वरच्या टोकाच्या जरा अलीकडे. आधी ५ मिळवायचे, मग ०.९९ ने भागायचं. क्रम उलटला तर ५ चे ५.०५ करावे लागतात. दोन बिंदूंमधल्या रेषेचं पोट सुटलेलं असेल, तर ते या हिशेबाने आत जात नाही. शिवाय ऊन आहेच. रेफरन्स अंशाला दशलक्षात ५० भाग सरकला, तरी थंडीतल्या २० अंशांवर जुळवलेला बोर्ड मेच्या ४० अंशांत वरच्या टोकाला चार पायऱ्या चुकतो.

म्हणून बोर्ड चालू करून अर्धा तास थांबतो. साडेसहा अंकी मल्टिमीटरचा शेवटचा आकडा चुळबुळत असतो. पडद्यावर ३९५७, ३९५६, पुन्हा ३९५७. आजीही काटा डुलायचा थांबेपर्यंत वाण्याला पारड्याला हात लावू देत नसे. ३९५५. आणखी थोडा वेळ ३९५५. मग पेन उचलतो.