घशातले बिऱ्हाडकरू

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातील शिवारे पांढरी दिसू लागतात. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या काळ्या रानांत कपाशीची बोंडे फुटतात, आणि पहाटेच्या दहिवरात पाय भिजवीत बायामाणसे वेचणीसाठी घराबाहेर पडतात. गोदावरीकाठच्या गावांत त्या वेळी थंडी चांगलीच झोंबते. वेचणीच्या दिवसांत पुष्कळ घरांतील सातवी-आठवीतल्या मुलीवर एक जास्तीचे काम येऊन पडते. ते म्हणजे तान्ह्या भावाला सांभाळण्याचे. ती त्याची झोळी हलविते, त्याला कडेवर घेऊन अंगणात हिंडते, त्याचे पापे घेते. दूध फार ऊन तर नाही ना, हे स्वतः चाखून पाहते आणि तोच चमचा त्याच्या तोंडात घालते. तिचे नाक थोडे वाहत असते. पण हिवाळ्यात नाक कोणाचे वाहत नाही?

अशाच एखाद्या घरात एके रात्री बाळ दूध पिईनासे होते. त्याचे अंग तापते, श्वास भराभर चालतो आणि श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. उजाडताच घरची मंडळी त्याला आरोग्य केंद्रात नेतात. डॉक्टर तपासून न्यूमोनिया झाल्याचे सांगतात. हा जंतू बहुधा घरातल्याच कोणाच्या तरी नाकाघशातून आला असावा, असेही बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघते. दाराशी उभ्या असलेल्या मोठ्या बहिणीच्या मनात तेव्हा एक प्रश्न येतो. ‘मी तर ठणठणीत आहे, मग माझ्यापासून हा कसा आजारी पडला?’ हा प्रश्न ती कोणालाही विचारीत नाही. मनात मात्र तो सलत राहतो.

तिच्या या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावी अंतोनी लेव्हेनहुक नावाचा कापडाचा एक व्यापारी राहत असे. भिंगे घासून त्यांतून नाना वस्तू निरखण्याचा त्याला विलक्षण नाद होता. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी. आपल्याकडच्या कित्येक आजीबाईंसारखेच! तरीही दातांच्या फटीत थोडासा पांढरा मळ उरतो, हे त्याच्या ध्यानात आले. तो मळ पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली धरला, तो त्यात असंख्य सूक्ष्म जीव चपळाईने पोहत आहेत! 1683 साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने ही हकीकत कळविली. आपल्या देशात जेवढी माणसे नसतील, तेवढे जीव आपल्या एकट्याच्या तोंडात आहेत, असे त्याने नमूद केले. हा व्यापारी काही आजारी नव्हता. पुढे तो नव्वद वर्षे जगला.

त्याच्या म्हणण्यात अतिशयोक्ती नव्हती. एका मिलिलिटर लाळेत, म्हणजे सुमारे वीस थेंबांत, दहा कोटींच्या आसपास जीवाणू असतात. 2011 च्या जनगणनेत सबंध जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या जवळपास भरली होती. तेव्हा असे पन्नास जिल्हे त्या वीस थेंबांत मावतील! माणसांच्या तोंडांत मिळून त्यांच्या सुमारे सातशे जाती आढळल्या आहेत. कोणी जिभेवर राहते, कोणी गालाच्या आत, तर कोणी हिरड्यांच्या कडेला. मूल जन्माला आले की पहिल्या काही दिवसांतच हे बिऱ्हाडकरू येऊन आपापली जागा धरतात.

त्यांना सरसकट शत्रू मानणे हा मोठा अन्याय होईल. जिभेवरचे काही जीवाणू पालक, मेथी, बीट यांसारख्या भाज्यांतील नायट्रेटचे रूपांतर करतात. त्यापासून पुढे शरीरात जो पदार्थ तयार होतो, तो रक्तवाहिन्या सैल ठेवण्यास साह्य करतो. दुसरे काही नुसते जागा अडवून बसतात, आणि तेवढ्यानेच नव्या, घातक जंतूंना तेथे पाय रोवणे कठीण जाते. साखरेवर ताव मारून आम्ल सोडणारे आणि दात किडविणारेही त्यांत आहेत. पण त्यांना रोज गोड खाऊ आपणच पुरवितो, हे विसरून चालणार नाही.

मात्र या गर्दीत एक बिऱ्हाडकरू असा आहे, की ज्याच्यापाशी त्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्याचे नाव न्यूमोकोकस. नाकाच्या मागे, जेथे नाक घशाला मिळते, तेथे तो राहतो. लहान मुलांमध्ये तो फार वेळा आढळतो. वय वाढते तसा कमी होत जातो. बहुतेकांना तो काही आठवडे किंवा काही महिने राहून मुकाट्याने निघून जातो. ज्याच्या घरी तो राहिला, त्याला त्याची वार्ताही नसते.

या जंतूचा शोध लागला, तोच मुळी अशा विचित्र रीतीने. अमेरिकेतील जॉर्ज स्टर्नबर्ग नावाच्या लष्करी डॉक्टराने 1880 साली स्वतःची लाळ सशांना टोचून पाहिली. डॉक्टर धडधाकट होता, ससे मात्र मेले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेले जनावर चावून मेलेल्या एका मुलाची लाळ सशांना टोचली. तेही ससे मेले. हाच त्या रोगाचा जंतू असेल, अशी शंका प्रथम आली. परंतु तोच जंतू निरोगी माणसांच्या लाळेतही सापडला, तेव्हा ती शंका फिटली. दोघांनीही आपले निष्कर्ष 1881 साली प्रसिद्ध केले. निरोगी माणूस म्हणजे जंतू नसलेला माणूस, ही समजूत या प्रयोगांनी पार ढासळली.

मग तोच जंतू एकाच्या घशात गप्प बसतो आणि दुसऱ्याच्या फुप्फुसात घात करतो, हे कसे?

झोपेत प्रत्येक माणसाच्या लाळेचा अंश नकळत श्वासनळीत उतरतो, आणि त्याबरोबर जीवाणूही उतरतात. परंतु श्वासनळीला आतून अतिसूक्ष्म केसांचे अस्तर असते. हे केस एका सेकंदात दहा-बारा वेळा हलतात आणि चिकट कफाचा थर जंतूंसकट वर घशाकडे लोटतात. रात्रंदिवस चाललेला हा झाडलोटीचा उद्योग! सर्दीने हे अस्तर खरवडून निघाले, किंवा धुराने केस लुळे पडले, म्हणजे झाडलोट थांबते. मराठवाड्यातील खेड्यांत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीत जाळण्याची वहिवाट जुनी आहे. त्या धुराने आईचे डोळे चुरचुरतात, हे सर्वांना दिसते. शेजारी झोळीत निजलेल्या बाळाच्या छातीत काय होते, ते दिसत नाही. त्यात मूल अशक्त असले, अंगावर दूध न मिळालेले असले, म्हणजे घशातला पाहुणा खाली उतरून फुप्फुसात ठाण मांडतो.

तेव्हा बहिणीपासून बाळाला जंतू मिळाला असेल, हे खरे. आणि तिचा त्यात अपराध नाही, हेही तितकेच खरे. तो कदाचित शाळेतून तिच्याकडे आला असेल. कोणी सांगावे, बाळाकडूनच तिच्याकडे गेला असेल!

जुन्या घरांत उष्ट्याचा विचार फार कडक असे. त्यात पुष्कळदा सोवळ्याचा पोकळ ताठा असे, आणि त्यापायी माणसांनी माणसांचा अपमानही केला. तो भाग गेला, हे उत्तम झाले. पण आपल्या तोंडातला चमचा तान्ह्याच्या तोंडात घालू नये, खोकताना तोंडावर पदर किंवा रुमाल धरावा, एवढे त्यातून वेचून घेण्यासारखे होते.

वेळीच ओळखले, तर हा रोग औषधाने बरा होतो. अडचण ओळखण्याचीच असते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1988 च्या सुमारास गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजावयास शिकविले. ज्या दाईंना आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, की न्यूमोनियाचा संशय घ्यावयाचा. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त झाले, तर ती धोक्याची खूण समजतात. गावातच औषध मिळू लागल्याने तेथील बालमृत्यू कमी झाले, आणि 1990 साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो वृत्तान्त छापून आला.

आता या जंतूवर लसही आहे. 2021 साली ती देशभरातील सरकारी लसीकरणात आली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळी ती देतात. या लसीचा एक गुण मोठा मौजेचा आहे. ती ज्या जातींच्या न्यूमोकोकसवर चालते, त्यांना लस घेतलेल्या मुलाच्या घशात बिऱ्हाड करणेच अवघड होते. अमेरिकेत 2000 साली अशी लस तान्ह्या मुलांना देऊ लागले, आणि लस न घेतलेल्या आजी-आजोबांमध्येही हा आजार कमी झाला.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीपुढे बायकांची रांग लागते. वेचणीला जावयाचे असल्याने प्रत्येकीला घाई असते. काही बाळांना आईऐवजी आजी घेऊन आलेली असते. मागे शाळेचा गणवेश घातलेली बहीण, आपला रुमाल नाकाशी धरून, अंमळ दूर उभी राहिलेली. बाळाच्या मांडीला सुई लागते, ते कळवळून रडते, आणि आशाताई कार्डावर पुढची तारीख लिहू लागतात. आजीला वाचता येत नाही. कार्ड ती नातीच्या हाती देते.