नळी आता बंद

ती. आईस,


गुंड्या बरा आहे. तू पहिल्यांदा तेच विचारतेस, म्हणून पहिल्यांदा तेच लिहिते. भुलीतून उठला, रिक्षाभर माझ्या मांडीवर कण्हत पडला आणि सकाळी मऊ भात खाऊन वाटी चाटूनपुसून ठेवली. नऊ दात काढले. कुत्र्याला 42 असतात. याला आता 33 उरले.

डोळ्याखालची ती सूज आठवते? आपण गांधीलमाशीवर बिल फाडलं होतं. गोळ्या दिल्या की उतरायची, महिन्याभराने पुन्हा यायची. इथल्या डॉक्टरांनी डोळ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच ओठ वर केला. वरची सगळ्यांत मोठी दाढ, तिचा बाहेरच्या बाजूचा कपचाच उडालेला. तिची मुळं थेट डोळ्याच्या खाली जातात. मुळाशी पू झाला की सूज तिथे दिसते. "हाडं चघळतो का?" असं त्यांनी विचारलं आणि मला दर रविवारची नळी आठवली. तू शेजारच्यांना सांगून ठेवायचीस ती, खास त्याच्यासाठी. तुझ्यावर ढकलत नाहीये गं. दिवाळीला मीच दोन आणल्या होत्या.

बाकीचे आठ दात मात्र नळीने गेले नाहीत, कीटणाने गेले. बंबाच्या आत पाण्याचे क्षार धरतात ना, तसंच. खाल्ल्यावर दातांवर बुळबुळीत थर बसतो, तो दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो. मग ब्रशने निघत नाही. हिरडी सुटते, खालचं हाड झिजतं, दात हलायला लागतो. त्यातून आपला हा पॉमेरेनियन, इवल्याशा जबड्यात तेवढेच 42 दात दाटीवाटीने. आणि आपण म्हणायचो, कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच. अकरा वर्षं म्हणत होतो. तो वास रोगाचा होता.

त्याने कळू दिलं नाही, हे खरं. जेवण एक दिवस चुकवलं नाही. पण खारी तोंडातून पडायची, चेंडू आणायचा सोडला होता, मान वाकडी करून एकाच बाजूने खायचा. आपण वयावर ढकललं.

भुलीची तुला धास्ती होती, मलाही होती. आधी रक्त तपासलं, हृदय तपासलं, सलाइन लावलं, फुप्फुसांत पाणी जाऊ नये म्हणून घशात नळी घातली (ही नळी वेगळी!). दातांचे एक्स-रेही भुलीतच काढले. तुझ्या भिशीतल्या बाईंनी सांगितलेली "बिनभुलीची सफाई" मी मुद्दाम टाळली. तिच्यात वरवरचं कीटण खरवडतात, दात पांढरे दिसतात, आणि हिरडीखाली जिथे खरं दुखणं असतं तिथे जागा असलेला कुत्रा हात लावू देत नाही.

आता तुझं काम. टाके आपोआप विरघळतील, हिरड्या भरल्या की डॉक्टर सांगतील, तेव्हापासून रोज रात्री दात घासायचे. लहान मुलांचा मऊ ब्रश घे, नाहीतर बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळ. जबडा उघडायचा नाही, फक्त ओठ उचलून बाहेरच्या बाजूने फिरवायचं. पेस्ट कुत्र्यांचीच, मी आणतेय. आपली नको. तो थुंकणार नाही, गिळणार. शिवाय काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची साखर असते, तिने कुत्र्याच्या रक्तातली साखर घसरते, जीवही जातो. आणि तुझी राखुंडी तर अजिबात नको, कितीही गुणकारी असली तरी. चहात बुडवलेलं बिस्किटही बंद. तो बघत राहील. तू बघू नकोस.

मनीचं तोंडही जमलं तर उघडून बघ. हिरड्यांच्या कडा लालभडक असतील तर कळव.

डॉक्टरांनी दात डबीत घालून दिलेत. त्या दाढेची मुळं तीन, म्हणून तिचे तीन तुकडे करून काढावी लागली. मुळं दिसणाऱ्या दातापेक्षा लांब आहेत. आमचे दुधाचे दात तू कौलांवर फेकायचीस. यांचं काय करायचं ते तू ठरव.

शनिवारच्या सकाळच्या एसटीने येतो. मटण करणार असशील तर आमच्यापुरतं कर. त्याला नुसता मऊ भात.

तुझी,
माई