चार्ली रूटची पत्रं

रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, म्हणून लॉगिन केलं की काळ्या पडद्यावर एक ओळ उमटायची: ‘यू हॅव मेल.’ दुकानदार सवयीनं ‘या ताई’ म्हणतो, तसंच काहीतरी असेल असं समजून कितीतरी महिने मी ती सोडून दिली.

यंत्र भाच्यानं लावून दिलेलं. जुना डेस्कटॉप, त्यात फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि दोन डिस्क. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उतरतं. माझे सगळे अनुवाद आणि घरातले फोटो त्यात. ‘‘मावशी, एक गेली तरी दुसरी आहेच,’’ असं सांगून तो बंगळुरूला निघून गेला.

एका रविवारी, निव्वळ रिकामपणी, मी ‘मेल’ असं टाइप केलं. जवळजवळ दोनशे पत्रं! सगळी कुणा ‘चार्ली रूट’ नावाच्या इसमाची. माझ्या यंत्रात कुणी शिरलंय की काय म्हणून मी भाच्याला फोन लावला. तो हसत सुटला. फ्रीबीएसडीत रूट खात्याचं पूर्ण नावच चार्ली रूट ठेवलेलं असतं म्हणे. रोज पहाटे ३ वाजून १ मिनिटानं हा चार्ली यंत्राची तपासणी करून अहवाल लिहितो. एक अहवाल मी त्याला फोनवर वाचून दाखवला. ‘डिग्रेडेड’ हा शब्द आला आणि त्याचं हसू थांबलं. एक डिस्क अकरा आठवड्यांपूर्वीच गेलेली होती. चार्ली रोज ते लिहीत होता, आणि त्याचं टपाल रूटच्या पेटीत पडून होतं.

नवी डिस्क त्याच आठवड्यात आणली. पण अहवाल माझ्या फोनवर यायला हवेत, हे तेव्हाच ठरलं. ‘‘डीएमए कॉन्फिगर कर,’’ भाचा म्हणाला. ‘‘छोटी फाइल आहे. दहा मिनिटांचं काम.’’

त्या दहा मिनिटांना तीन संध्याकाळी लागल्या.

डीएमए म्हणजे ड्रॅगनफ्लाय मेल एजंट. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी १४ पासून सेंडमेलच्या जागी मूळचा टपालवाला म्हणून तो बसवला आहे. सेंडमेल हे बर्कलीत एरिक ऑलमन यांनी लिहिलेलं जुनं धूड. त्याच्यावरचं एक प्रसिद्ध पुस्तक हजारावर पानांचं आहे आणि मुखपृष्ठावर वटवाघूळ आहे, यावरून काय ते समजा. डीएमए त्यामानानं गरीब प्राणी. बाहेरून कुणाचं टपाल घेत नाही, कुठल्या पोर्टवर कान लावून बसत नाही. यंत्रातल्याच प्रोग्रॅमनी दिलेलं पत्र घ्यायचं आणि पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम.

पहिल्या संध्याकाळी मी कुणाचं टपाल कुठे वळवायचं ते सांगणाऱ्या एलियासेसच्या फाइलीत रूटपुढे माझा ईमेल पत्ता लिहिला आणि ‘चाचणी’ असं पत्र पाठवलं. यंत्रानं काहीच तक्रार केली नाही. फोनवरही काही आलं नाही. मग ‘चाचणी २’. मग ‘आता तरी’. भाच्यानं ‘मेलक्यू’ हा आदेश सांगितला तेव्हा दिसलं, सगळी पत्रं रांगेत उभी! डीएमए थेट पलीकडच्या सर्व्हरचं पोर्ट २५ ठोठावत होता, आणि घरगुती जोडणीवरून ते दार माझ्या इंटरनेटवाल्यानं बंद ठेवलेलं. स्पॅम रोखायला बरेच जण ते बंद ठेवतात. डीएमए मात्र चिकाटीचा, पाच दिवस प्रयत्न करत राहतो. मग हात टेकतो आणि तसं पाठवणाऱ्याला कळवतो. पाठवणारा म्हणजे रूट, म्हणजे एलियासमुळे पुन्हा मीच, आणि वाट तीच बंद! इथे मला खरंच हसू आलं.

दुसऱ्या संध्याकाळी कळलं की स्मार्टहोस्ट लागतो: आपलं टपाल स्वीकारून पुढे नेणारा मोठा सर्व्हर. माझ्या ईमेलवाल्यांचा सर्व्हर लिहिला, पोर्ट ५८७ केलं, जोडणी गुप्त ठेवणाऱ्या ‘स्टार्टटीएलएस’ या ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढून ती चालू केली. तरी लॉगिन होईना. दोन तासांनी मॅन्युअल नीट वाचलं. ‘सिक्युअरट्रान्सफर’ ही वेगळी ओळही उघडावी लागते, तिच्याशिवाय स्टार्टटीएलएसला काही अर्थ नाही. म्हणजे मी कुलूप आणलं होतं, कडी लावलीच नव्हती. (मॅन्युअल आधी वाचायचं असतं हे मला माहीत आहे. कुकरचंही मी वाचलेलं नाही.)

तिसरी संध्याकाळ मात्र माझ्याच शहाणपणानं खाल्ली. पासवर्ड ‘ऑथ.कॉन्फ’मध्ये असतो: आधी ईमेल पत्ता, मग उभी रेघ, मग सर्व्हरचं नाव, विसर्गासारखी दोन टिंबं आणि पासवर्ड. नेहमीचा पासवर्ड चालत नाही, प्रोग्रॅमसाठी वेगळा सोळा अक्षरी काढून घ्यावा लागला. एवढी गुपिताची फाइल, म्हणून मी ती फक्त रूटलाच वाचता येईल अशी केली. आणि लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’! डीएमए काम करताना रूटचे अधिकार मुद्दाम टाकून देतो आणि ‘मेल’ गटाच्या ओळखीनं वावरतो. टपालवाल्याच्या हातीच किल्ली नव्हती. फाइलीचा गट ‘मेल’ केला, परवानगी ६०० ची ६४० केली, म्हणजे गटालाही वाचता येईल अशी.

शेवटची खोड पाठवणाऱ्याच्या पत्त्याची. माझ्या यंत्राचं घरगुती नाव बाहेरच्या जगाला ठाऊक नाही, म्हणून सर्व्हर पत्र नाकारत होता. ‘मास्करेड’ या ओळीत माझा खरा पत्ता घातला आणि रांग हलवायचा आदेश दिला.

फोन टुणटुण वाजत राहिला. ‘चाचणी’, ‘चाचणी २’, ‘आता तरी’, ‘अरे बाबा’, सगळी मिळून चौदा पत्रं एका दमात. बाजूच्या खोलीतून यजमानांनी विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे का?

आता रोज पहाटे चार्लीचं पत्र येतं आणि मी ते चहाबरोबर वाचते. तुमच्याकडे असं एखादं यंत्र कोपऱ्यात चालू असेल, तर आजच रूटची पेटी एकदा उघडून बघा.