साचेखात्यातली वजडी

परवा मी ६९५ रुपयांची वजडी खाल्ली.

एकट्यानं नव्हे, पाच जणांत मिळून. माझ्या वाट्याला दोन चमचे आले. तेवढ्या पैशात आमच्या गल्लीत अख्खं बिऱ्हाड जेवून वर ताट पुसून घेईल. पण दोस्तांनो, मी किमतीचं रडगाणं गायला बसलेलो नाही. ते वर्तमानपत्रवाले गातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हॉटेलाची जाहिरात छापतात. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. ते सांगताना माझीच लाज उघडी पडणार आहे, म्हणून आठ दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो.

पोरीला बढती मिळाली. लोअर परळला तिचं ऑफिस आहे. ऑफिसातल्या तिघांना ती पार्टी देणार होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण चला. तुम्हाला ती जागा बघायचीय ना?"

ती जागा म्हंजे माझ्या बापाची मिल. नाव घेत नाही. आता तिथं काचेच्या इमारती आहेत, आणि मधे मधे जुनी शेडं राखून त्यांत हॉटेलं काढलीयत. आत शिरलो आणि मान वर केली. छप्पर करवतीच्या दातांसारखं. उत्तरेकडून काचा, म्हणजे ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. सूत नीट दिसावं म्हणून अशी छपरं बांधत. रिंगखातं मजल्यांच्या इमारतीत असायचं आणि साचेखातं जमिनीलगत या छपराखाली. साचे म्हंजे माग. मी दहा वर्षांचा असताना बापाचा डबा घेऊन गेटावर यायचो, तेव्हा या शेडाचा धडधडाट रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. डबा रिंगखात्यात जायचा. या शेडात माझ्या बापानं अख्ख्या नोकरीत कधी हजेरी लावली नाही. आज्ज्यानं तर नाहीच नाही.

का नाही, ते तरुण पोरांना माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगतो.

मागावर धोटा इकडून तिकडं पळतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की साचेवाला दुसरी बसवतो. नव्या कांडीचं टोक धोट्याच्या अंगच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. बोटानं ते निघत नाही. साचेवाला भोकाला तोंड लावतो, श्वास आत ओढतो, धागा तोंडात येतो. दिवसभर हेच. या पाळीत एकाचं तोंड, पुढच्या पाळीत त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड. आता त्या भोकाला महाराचं तोंड लागलं तर? थुंकी लागली तर? म्हणून साचेखातं आम्हाला बंद. कामगार म्हणून सगळे एक, लाल बावट्याखाली सगळे भाऊ. पण धोट्यापाशी आले की भाऊ संपले. आणि पगार चांगला कुठं? साचेखात्यात. म्हंजे विटाळ नुसता मनाला लागत नव्हता, पाकिटाला लागत होता.

१९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच सवाल युनियनच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. कामगारांच्या हक्काचं बोलता, मग अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घ्या ही मागणी तुमच्या यादीत का नाही? ती यादीत घालायला त्यांना भांडावं लागलं. मालकाशी नव्हे, पुढाऱ्यांशी. पुढं १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. ते काही पुस्तकातून आलेलं नव्हतं. असल्या धोट्यातून आलेलं होतं.

बापाच्या काळात पाट्या गेल्या होत्या. पण भरती जॉबरच्या हाती आणि जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीचा गडी आधी लावायचा. बाप दोनदा विचारून आला. दुसऱ्यांदा जॉबर हसला म्हणे, बोलला काहीच नाही. मिलला कॅन्टीन होतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं अडीचशेवर कामगार असले की कॅन्टीन द्यावंच लागायचं. कपबशा सगळ्यांना सारख्या. पण डबा उघडून बसायची जागा ज्याची त्याला माहीत होती, कुणी सांगावं लागत नव्हतं.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाख माणूस बाहेर पडला तो पडलाच. पुढचं तुम्हाला पाठ आहे. १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम फिरवला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकाम उभं आहे ती सगळी मालकाची. २००६ साली सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. त्या बांधकामांत मग आधी ऑफिसं आली आणि ऑफिसांच्या मागोमाग ही हॉटेलं. कमला मिलच्या आवारात २०१५ साली एक फार नावाजलेलं हॉटेल उघडलं, त्याचं नावच 'द बॉम्बे कॅन्टीन'. तिथला गोड पदार्थ म्हंजे गुलाबजामाचा डोनट करून तो ओल्ड मंक रममध्ये भिजवायचा. नाव गुलाबनट. त्याच कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर गच्चीवरच्या पबांना आग लागली आणि १४ माणसं गेली. दोनचार महिने फायरब्रिगेड, परवाने, तोडफोड चालली. मग पुन्हा टेबलं भरली.

तर आम्ही बसलो. पाच जण. तिघांची आडनावं सांगत नाही, तुम्ही ओळखाल. चांगली पोरं. मला उठून खुर्ची दिली, काका काका केलं.

या हॉटेलांची आता एक नवी रीत आहे. ज्याचं ताट त्याच्यापुढं असं नाही. लहान लहान बशा येतात, मधोमध ठेवायच्या, सगळ्यांनी चमचे घालायचे. वेटरच सांगतो की आमच्याकडं शेअर करायचं असतं. पेयांचंही तेच. कुणाच्या ग्लासात कोकमाचं आगळ, कुणाच्या ग्लासात गूळ आणि वर मिरचीची पूड, एकाच्या ग्लासातून तर धूर निघत होता. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली पोर असल्या टेबलाला बसते यावर माझं भांडण आहे, ते मी घरात मिटवीन. तिच्या ग्लासात दारू नव्हती. मी हुंगून बघितलं, खोटं कशाला बोलू.) आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा ग्लास उचलून "बघू, बघू कसंय" म्हणत तोंडाला लावत होता. तीच नळी ह्याच्या तोंडात, त्याच्या तोंडात, माझ्या पोरीच्या तोंडात. श्वास आत ओढायचा, घोट तोंडात येतो.

मी वर छपराकडं बघितलं. खरं सांगतो, अंगावर काटा आला. याच जमिनीवर, याच छपराखाली, तोंडानं ओढायच्या एका धाग्यापायी माझ्या दोन पिढ्या दाराबाहेर राहिल्या. आज इथं माझी पोर त्यांच्या ग्लासाला तोंड लावते आणि कुणाच्या डोळ्याची पापणी हलत नाही. आज्ज्याला हे दाखवायला हवं होतं. पाच मिनिटं मी एवढा खुश होतो की विचारू नका.

आणि तेवढ्यात वजडी आली.

काळ्या दगडाच्या बशीत. वर कसलीशी चार हिरवी पानं, बाजूला बाजरीची कडक पापडी, नखाएवढे पाव. वेटर तोंडपाठ इंग्रजी बोलला. त्यातलं मला कळलं ते एवढंच, की ही गावाकडची हरवलेली रेसिपी आहे, आमच्या शेफनं ती शोधून काढली.

हरवलेली! अरे, कुणाची हरवली?

माझी आय रविवारी वजडी आणायची. शिवडीवरनं, पहाटे. गरम पाण्यात चुना घालून ती सुरीच्या पाठीनं खरवडत बसायची, काळं निघून खालचं पांढरं टॉवेलासारखं दिसेस्तवर. मग मीठ-हळदीनं तीन पाणी. एकशेसाठ चौरस फुटांची बीडीडीतली खोली, त्यात आम्ही सात जण आणि तो वास. शिजायला दुपार व्हायची. कांदा-लसणाचा चटणी-मसाला, रस्सा पातळ, कारण माणसं जास्त. वजडी बोकडाची, कारण मेलेल्या ढोराचं मांस आज्ज्यानं १९२७ च्या महाडपासून घरातनं हद्दपार केलेलं. आय म्हणायची, बाबानं मेलेलं सोडाय सांगितलं, चव सोडाय नाही. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून आपल्या लोकांचं खाणं कागदावर आणलं, तेव्हा पाककृतींच्या पुस्तकांत त्याला जागा नव्हती. त्याच वर्षी मार्चात महाराष्ट्रात बैलही कापायला बंदी आली आणि कित्येक घरांच्या चुलीवरचं स्वस्त मटण गुन्हा ठरलं. २०२४ साली ते पुस्तक इंग्रजीत गेलं. आता बशीत पानं ठेवून येतंय.

पोरं चमचे घालून "वाव, किती ऑथेंटिक" करत होती. चव बरी होती. नीट साफ केलेली नव्हती, हे मात्र मला पहिल्या घासाला कळलं.

माझ्या पोरीशेजारी बसलेला मुलगा माझ्याकडं वळला. शुद्ध मराठीत विचारलं, "काका, तुमच्याकडे करतात का हो ही?"

साधा प्रश्न. आणि दोस्तांनो, १९८० च्या पुढं नामांतरासाठी रस्त्यावर आलेला, सायकलीवरनं भिंती रंगवत फिरलेला, तुमच्यासारख्यांना शिबिरात अस्मिता शिकवणारा मी माणूस. मी म्हणालो,

"नाही. ऐकून आहे."

का म्हणालो? अजून सांगता येत नाही. वाटलं असेल की पोरीचं ऑफिस आहे, तिची जागा आहे, आपल्या तोंडनं तिची जात कशाला बाहेर पडावी. कुणी मला अडवलं नव्हतं. जॉबर नव्हता, पाटी नव्हती. मीच माझ्या तोंडाला बूच मारलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं आणि पाण्याचा ग्लास उचलला.

नंतर गोड आलं. पुरणपोळीचं आइस्क्रीम. मला काही गेलं नाही.

हात धुवायच्या निमित्तानं मागच्या बाजूला गेलो. तिथं भांड्यांवरचा एक पोरगा विडी ओढत उभा होता, जालन्याकडचा. त्याला म्हटलं, तुम्ही काय जेवता रे? म्हणाला, "स्टाफचं येगळं असतंय काका. डाळ-भात. तिकडलं आपल्याला नसतंय." वजडी कोण साफ करतं विचारलं. म्हणाला, "आमीच. पन टाइम देत न्हाईत. चुना बी देत न्हाईत." त्यानं माझ्याकडं जरा रोखून बघितलं आणि हळूच जयभीम घातला. चुन्याचं विचारल्यावर ओळखलं असेल. त्याला मात्र मी जयभीम म्हणालो, मोठ्यानं.

घरी येताना टॅक्सीत पोरगी गप्प. चिंचपोकळीच्या पुलावर मी धोट्याची गोष्ट काढली. तिनं ती लहानपणी ऐकलेली होती. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "पप्पा, त्यांना माहितीय आपण कोण. मी पहिल्या महिन्यातच सांगितलंय. आजीच्या वजडीचं पण सांगितलंय. म्हणून तर मी ती मागवली, आणि म्हणूनच त्यानं तुम्हाला विचारलं. तुम्ही सांगाल म्हणून."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

थोड्या वेळानं म्हणाली, "त्याच्याशी लग्न करायचं म्हणतेय मी."

बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही, रक्ताची सोयरीक झाली पाहिजे. मी हे वाक्य शंभर भाषणांत वापरलंय. टॅक्सीत ते माझ्या पोटात जाऊन बसलं.

विचारलं, "त्याच्या घरी माहितीय?"

"नाही. घरी सांगितलं नाही त्यानं अजून. आई काय म्हणेल म्हणतो."

म्हंजे माझ्या पोरीच्या ग्लासाला तोंड लावणारं ते तोंड घरी गेलं की मिटतं. पण मी त्याला कुठल्या तोंडानं बोलणार? संध्याकाळभर एकाच टेबलावर आम्ही दोघंही लपवत बसलो होतो. मोकळी होती ती एकटी पोरगी. जिना चढताना ती पुढं आणि मी मागं. मधल्या मजल्यावर थांबून मी तिला म्हणालो, त्याला रविवारी घरी बोलाव. आणि त्याला सांग, काका खोटं बोलले.

तिनं त्याला तसंच्या तसं सांगितलंय. येतो म्हणालाय. येताना आईला कुठं चाललोय ते सांगून ये, असंही तिनं बजावलंय. त्यावर तो अजून काही बोललेला नाही.

खाटकाला वजडी सांगून ठेवलीय. आय आता नाही, खरवडायला मीच बसणार. चुना आणायचा राहिलाय.